पहिली पाँटून बोट घेताना: हिशेब परतीच्या वाटेचा करा

जुलैमधला शनिवार होता. पुण्याहून आलेले आई-बाबा, मेहुणी, साडू आणि त्यांची मुलगी, आम्ही दोघं आणि आमची दोन पोरं, अशी नऊ माणसं वीस फुटी पाँटूनवर (म्हणजे नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटीवर) बसलो आणि विस्कॉन्सिनमधल्या हडसनहून सेंट क्रॉय नदीतून दक्षिणेला निघालो. किनिकिनिक स्टेट पार्कची वाळू गाठायला पाऊण तास लागला. पोहे झाले, पोहणं झालं, बाबांनी पाण्यात पाय सोडून झकास डुलकी काढली. तीनच्या सुमारास वायव्येकडून वारा सुटला आणि परतताना तेवढंच अंतर कापायला दोन तास लागले. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन जीव तोडून ओरडत होतं, बोट मात्र चालत्या माणसापेक्षा थोडीशीच पुढे. आई तोंडाने काही बोलली नाही, पण रामरक्षा चालू होती हे ओठांवरून दिसत होतं.

आम्ही कुठलाही नियम मोडला नव्हता. बोटीवरच्या पाटीवर दहा माणसं लिहिलेली होती, आम्ही नऊ होतो. चूक बोट घेताना झाली होती. शोरूममध्ये ऊन होतं, बोट रिकामी होती आणि आम्ही त्या चित्राला भुललो. ती बोट पुढच्या वसंतात विकली आणि दुसरी घेतली. या दोन्ही खरेद्यांत जे शिकलो ते मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या, पहिलीच बोट घेऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. इतर राज्यांत कायदे बदलतात, पण नळ्या, इंजिन आणि वारा यांचं गणित सगळीकडे तेच.

1. बोटीआधी नदी ठरवा

"नदीवर फिरायला" हे उत्तर पुरेसं नाही. एकट्या सेंट क्रॉयचेच तीन चेहरे आहेत.

स्टिलवॉटरच्या वर नदी अरुंद होते, वाळूचे उंचवटे आणि बेटं लागतात, इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) तळाला घासायला वेळ लागत नाही. तिकडे फार वर जाताही येत नाही. बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांपासून तिथल्या मूळ शिंपल्यांना वाचवण्यासाठी 25.4 मैलाच्या खुणेपलीकडे खालून येणाऱ्या बोटींना बंदी आहे.

स्टिलवॉटर ते प्रेस्कॉट हा साधारण 25 मैलांचा पट्टा नावाने नदी असला तरी स्वभावाने तलाव आहे, त्याला म्हणतातही लेक सेंट क्रॉय. प्रवाह जेमतेम, पण पात्र रुंद आणि उत्तर-दक्षिण मोकळं, त्यामुळे वाऱ्याला धावायला मैदान मिळतं. आमची फजिती झाली ती इथेच. त्यात शनिवार-रविवारी मोठ्या क्रूझर बोटी उठवतात त्या लाटा वेगळ्याच.

प्रेस्कॉटला नदी मिसिसिपीला मिळते. तिथून पुढे खरा प्रवाह आहे आणि मालवाहू बार्जचे तांडे आहेत, ज्यांना ब्रेक नावाची गोष्ट नसते. सेंट पॉलकडे जायचं तर हेस्टिंग्जचं लॉक (धरणापाशी बोटी वर-खाली करणारा दारांचा कप्पा) ओलांडावं लागतं. पहिल्या मोसमात तिकडे जाऊ नका.

मी म्हणेन, आधी मरीनातून (बोटी ठेवायच्या धक्क्यावरून) दोन वेळा भाड्याने बोट घ्या. एकदा सकाळी, आणि एकदा मुद्दाम वाऱ्याच्या दुपारी. दुसऱ्या खेपेचे पैसे जास्त वसूल होतात.

2. माणसं मोजा, पण पौंडांत

बहुतेक पाँटूनवर क्षमतेची पाटी असते. तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: किती माणसं, इंजिन आणि सामानासकट एकूण किती वजन, आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. विक्रेता पहिला आकडा दाखवतो, तुम्ही दुसरा वाचा.

आता आपल्या सहलीचं वजन करा. पेट्रोल गॅलनला सुमारे सहा पौंड, म्हणजे 24 गॅलनची टाकी भरली की 145 पौंड तिथेच गेले. बर्फाचा कूलर, नांगर, दोर, बॅटरी, पोरांची फुगवायची खेळणी. आणि आपल्याकडे डबा कधी एक नसतो. मसालेभात, कोशिंबीर, चिवडा, थर्मासमधला चहा, "असू दे, लागेल" म्हणून घेतलेली चार टरबुजं.

माझा ठोकताळा असा: पाटीवर जितकी माणसं, त्यांच्या दोन-तृतीयांश माणसं घेऊन बोट सुखाने चालते. नेहमी सहा-सात जण असाल, उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे येणार असतील, तर 22 फुटांखाली बघू नका. चौघांचंच कुटुंब असेल आणि गर्दीचा सोस नसेल तर 18 ते 20 फूट उत्तम, धक्क्याला लावायलाही सोपी.

3. नळ्या: दोन की तीन

पाँटून म्हणजे सुधारलेला तराफाच. 1952 साली मिनेसोटातल्या रिचमंड गावाजवळच्या अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या, वर लाकडी फळ्यांची तक्तपोशी ठोकली आणि ती तलावात सोडली. आज पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आहेत, बाकी कल्पना तीच. आजी साडी नेसून अंगणात जावी तशी सपाट डेकवर चढू शकते, ही या बोटीची खरी थोरवी.

नळीचा व्यास विचारा. 23 इंच आणि 25 इंच यांत फरक दोनच इंचांचा वाटतो, पण तरंगण्याची ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास अठरा टक्के जास्त. नळीच्या आत वेगवेगळे बंद कप्पे आहेत ना, हेही विचारा. एका जागी भोक पडलं तर सगळी नळी भरता कामा नये.

तिसऱ्या नळीमुळे बोट ओझं सहज पेलते, लाटेत कमी डुचमळते आणि वळणं नीट घेते. पण किंमत वाढते, वजन वाढतं, ट्रेलर वेगळा लागतो, आणि मोठं इंजिन नसेल तर तिचा पुरता फायदाच मिळत नाही. छोट्या तलावावर संथ फेऱ्या मारायच्या असतील तर दोन नळ्या भरपूर झाल्या. लेक सेंट क्रॉयवर आठ माणसं घेऊन फिरायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर तीन.

4. इंजिन: इथे हात आखडू नका

विक्रेत्याने मला सांगितलं होतं, "फॅमिली बोट आहे, रेसिंग थोडीच करायचीय? चाळीस पुरे." वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि जाहिरातीतली किंमतही कमी दिसते. म्हणूनच स्वस्त पॅकेजमध्ये बोट मोठी आणि इंजिन चिमुकलं असतं. जादा ताकद वेगासाठी लागत नाही, ती लागते वाऱ्याविरुद्ध परत यायला. पाँटूनला चारी बाजूंनी कठडे, वर छप्पर, त्यामुळे वारा तिला शिडासारखा धरतो.

पाटीवर जी कमाल हॉर्सपॉवर असेल तिच्या किमान 75 टक्के घ्या. 20 फुटी दोन नळ्यांच्या बोटीला 60, 22 फुटीला 90, तीन नळ्या असतील तर 115 पासून पुढे, असं मी मित्रांना सांगतो. कमाल आकड्याच्या वर मात्र कधीच नको, विमा कंपनीही हात वर करते.

इंजिन चार-स्ट्रोक आऊटबोर्डच (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) घ्या. मर्क्युरी, यामाहा, सुझुकी, होंडा यांपैकी कुठलं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर ज्याची सर्व्हिस मिळते ते इंजिन चांगलं. मे महिन्यात मेकॅनिकची रांग तीन आठवड्यांची होते तेव्हा या वाक्याचा अर्थ कळतो.

काही बारकावे ब्रोशरमध्ये ठळक नसतात. 60 हॉर्सपॉवरच्या वर्गात जड बोटींसाठी मोठ्या गिअरकेसचं (पंख्याजवळच्या गिअरपेटीचं) मॉडेल मिळतं. मर्क्युरी त्याला कमांड थ्रस्ट म्हणते, यामाहा हाय थ्रस्ट. मोठा पंखा सावकाश फिरवून ते पाण्याला जास्त घट्ट धरतं. पाँटूनला तेच हवं. दुसरं, मर्क्युरीची 75, 90 आणि 115 ही इंजिनं एकाच 2.1 लिटरच्या ब्लॉकवर बनतात आणि वजनही जवळपास सारखंच असतं. तेव्हा बोट 115 पेलणारी असेल तर 90 आणि 115 च्या किमतीतला फरक विचारून घ्या, पुष्कळदा तो देण्यासारखा असतो. तिसरं, इंजिनाच्या दांड्याची लांबी. पाँटूनला सहसा 20 इंची, काही तीन नळ्यांच्या बोटींना 25 इंची. जुनी बोट आणि वेगळीकडून आणलेलं इंजिन असा जोड असेल तर हे मोजून बघाच.

आता पंख्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. चाचणी फेरीला तुम्ही आणि विक्रेता असे दोघंच असता. बोट पळते, तुम्ही खूश. पुढे आठ माणसं बसवली की तोच पंखा इंजिनाला झेपत नाही. म्हणून पूर्ण ओझं घेऊन, मोकळ्या पाण्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आरपीएम वाचा. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलचा पट्टा दिलेला असतो, बहुतेकदा 5000 ते 6000. तुमचा काटा 4700 वर अडकत असेल तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो जितकं पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. खरेदीच्या करारातच लिहून घ्या की भरल्या बोटीत आरपीएम पट्ट्यात येईपर्यंत पंखा बदलून मिळेल. मी हे दुसऱ्या वेळी केलं. विक्रेत्याने भुवया उंचावल्या, पण सही केली.

पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा: पूर्ण थ्रॉटलला हॉर्सपॉवरच्या दहाव्या भागाइतके गॅलन दर तासाला. म्हणजे 90 चं इंजिन नऊ गॅलन पितं, रमतगमत चालवलं तर त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. लहान इंजिन सतत पूर्ण ताणून चालवण्यात बचत होते, हा गैरसमज मी स्वतःच्या पैशाने दूर केला आहे.

5. बोट राहणार कुठे आणि ओढणार कोण

22 फुटी पाँटून, इंजिन, ट्रेलर आणि भरलेली टाकी मिळून 4000 पौंडांच्या आसपास जातं. होंडा ओडिसीची ओढण्याची मर्यादा 3500 पौंड आहे, पेट्रोलवरच्या टोयोटा हायलँडरची 5000, 2025 पर्यंतच्या रॅव्ह-फोर हायब्रिडची 1750. आपल्या पार्किंगमध्ये याच गाड्या असतात, म्हणून नावं घेऊन लिहिलं. बोट ठरवायच्या आधी गाडीची पुस्तिका उघडा. मिनेसोटात एकूण 3000 पौंड किंवा त्याहून जड ट्रेलरला ब्रेक असणं सक्तीचं आहे.

ट्रेलर लांब फळ्यांचा घ्या. कात्रीसारखा वर उचलणारा ट्रेलर स्वस्त पडतो, पण तो अरुंद असतो आणि महामार्गावर आडव्या वाऱ्यात बोट झुलते.

मोसमभर मरीनात ठेवणार असाल तर नळ्यांवर शेवाळ आणि झेब्रा शिंपले बसणार. त्यावर रंग लावून घेताना तो ॲल्युमिनियमसाठीचा आहे याची खात्री करा. तांबं असलेला रंग ॲल्युमिनियमला खातो.

6. जुनी बोट बघायला जाताना

सोबत टॉर्च, जुने बूट आणि शक्य असेल तर एक खवचट मित्र न्या. तुम्ही प्रेमात पडता, तो पडत नाही.

डेकवर टाच आपटत सगळीकडे चाला. कुठे मऊ लागलं तर खालचं प्लायवूड कुजलंय. बोटीखाली आडवे व्हा. नळ्या आणि आडव्या तुळया जिथे जोडल्या आहेत तिथल्या वेल्डिंगला भेगा आहेत का बघा. बोट पाण्यात असेल तर दोन्ही बाजू सारख्या तरंगतात का ते मागून बघा. एक बाजू खाली असेल तर नळीत पाणी आहे.

इंजिनाच्या गिअरचं तेल थोडं काढून दाखवायला सांगा. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, तिथून निघा. किती तास चाललं आहे हे मेकॅनिक संगणक जोडून सांगतो, मालकाच्या आठवणीवर विसंबू नका. तास फार कमी असणं हीसुद्धा नेहमीच चांगली गोष्ट नसते. दहा वर्षांत साठ तास चाललेलं इंजिन बहुतेक वेळ जुनं पेट्रोल पोटात घेऊन पडून असतं.

गाद्या फाटल्या असतील तर भाव पाडा, पण त्यामुळे बोट नाकारू नका.

7. कागदपत्रं

- मालकाच्या सहीचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला. मिनेसोटात 16 फुटांपेक्षा लांब बोटींना ते लागतं. त्यावर कर्ज दाखवलं असेल तर ते फिटल्याचा कागद.
- विक्रीची पावती, तारीख आणि रकमेसकट. बोट, इंजिन आणि ट्रेलर वेगवेगळे लिहून घ्या.
- बोटीवर कोरलेला 12 अक्षर-अंकांचा हल क्रमांक (बोटीची स्वतःची ओळख). टायटलवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून बघा.
- इंजिनाचा सीरियल क्रमांक. वॉरंटी आणि चोरीची तपासणी यासाठी.
- नोंदणी. ती तीन वर्षांची असते, डेप्युटी रजिस्ट्रारच्या कार्यालयात होते. ट्रेलरची नोंदणी वेगळी.
- विमा. कायद्याने सक्ती नाही, पण मरीना मागते, आणि नऊ माणसं घेऊन विम्याशिवाय निघू नये.
- चालवण्याचा परवाना. जुलै 2025 पासून मिनेसोटात तो वयोगटांनुसार टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. 2028 पर्यंत 30 जून 1987 नंतर जन्मलेले सगळे त्यात येतील. तुम्ही त्याआधी जन्मला असलात तरी ऑनलाइन अभ्यासक्रम करा, नवरा-बायको दोघांनी करा.

आमची पहिली नोंदणी हल क्रमांकातला एक शून्य 'ओ' म्हणून लिहिल्यामुळे परत आली होती.

8. बोटीवर काय हवं

प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट. दहा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना ते घातलेलंच हवं, हा मिनेसोटाचा कायदा आहे. आई-बाबांना पोहता येत नसेल तर त्यांनाही घाला, आणि तुम्हीही घाला म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. फेकता येणारी एक तरंगती गादी किंवा रिंग, अग्निशामक, भोंगा, नांगर आणि भरपूर लांब दोर, दोन्ही बाजूंना फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून टांगायच्या उशा).

इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवा. 26 फुटांखालच्या बोटींना वेगात असताना ती वापरण्याचा केंद्रीय नियम 1 एप्रिल 2021 पासून आहे.

शिडी चार पायऱ्यांची बघा. तीन पायऱ्यांच्या शिडीवरून पाण्यातून वर येताना चाळिशीतल्या माणसाचीही त्रेधा उडते. शौचालय नसतं, हे पाहुण्यांना आधी सांगा. आम्ही पडद्याच्या कप्प्यात छोटं पोर्टेबल ठेवलं, आणि तेव्हापासून आई दिवसभराच्या सहलीला तयार होते. आधी ती सकाळपासून पाणीच पीत नसे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

9. पहिल्या चार खेपा

आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाहुण्यांशिवाय जा. रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर मागे घ्यायचा सराव करा, शनिवारी सकाळी रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) मागे दहा गाड्या असताना नको.

धक्क्याला येताना वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून या, गिअर टाकत-काढत, चालण्याच्या वेगापेक्षा हळू. आपटलीच तर हळू आपटेल. हातापायाने बोट अडवायला कुणालाही देऊ नका.

पुढच्या दारापुढे कुणी बसायचं नाही. पाय सोडून बसायला ती जागा मोहाची असते, पण तिथून पडलेलं मूल सरळ बोटीखालून पंख्याकडे जातं. मिनेसोटात चालू बोटीवर कठड्याबाहेर बसणं बेकायदा आहे. पोहायला थांबलात की इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रल नव्हे. मागे शिडीपाशी कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो वासाने कळत नाही.

मोठी लाट आली की घाबरून एकदम थ्रॉटल सोडू नका. नाक खाली जातं आणि पाणी डेकवर चढतं. वेग थोडा कमी करा, लाट तिरकी घ्या, पुढे बसलेल्यांना आधीच मागे बोलवा.

निघण्याआधी स्टिलवॉटरची पाणीपातळी बघा. ती समुद्रसपाटीपासून 683 फुटांच्या वर गेली की खालच्या सेंट क्रॉयवर सगळीकडे लाट न उठवता हळू जावं लागतं. सहल मग पाहिजे तर होते, पण निम्म्या अंतराचीच. वाऱ्याचा अंदाजही परतीच्या वेळेचा बघा. आम्ही आता आधी वाऱ्याविरुद्ध जातो आणि परतताना त्याला पाठीशी घेतो.

पाण्याबाहेर काढल्यावर रॅम्पवरच सगळे ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचं) काढा, इंजिन उभं करून आतलं पाणी जाऊ द्या, चिकटलेली पानं, गवत पुसून टाका. प्लग लावून रस्त्यावर नेलीत तर दंड होतो. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं भरा, मिनेसोटात बऱ्याच पंपांवर बोटींसाठी 91 ऑक्टेनचं मिळतं. आणि ऑक्टोबरच्या मध्याला, पहिल्या कडक थंडीआधी, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला, गिअरचं तेल बदला, बॅटरी घरात आणा. मेकॅनिककडून करून घ्यायचं असेल तर लेबर डेच्या आतच तारीख घेऊन ठेवा.